औषधांचा कच्चा माल देशातच बनवायचा म्हटलं तर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुरवठासाखळी घराजवळ आणण्याची चर्चा आपल्याकडे बहुतेक मोबाईल आणि मोटारींच्या सुट्या भागांपुरतीच होते. औषधांच्या बाबतीत तोच प्रश्न जास्त गंभीर आहे. मोटार सहा महिने उशिरा मिळाली तर चालतं, अँटिबायोटिकचं तसं नसतं. औषध दुकानदार, फार्मसीचे विद्यार्थी, छोटे उत्पादक आणि पेशंटचे नातेवाईक यांच्याकडून सतत येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. जिथे दुसऱ्या उत्तराशी संबंध आहे तिथे त्याचा क्रमांक दिला आहे.

१. एपीआय, इंटरमिजिएट, केएसएम हे शब्द सारखे ऐकू येतात. म्हणजे नेमकं काय?

गोळीत प्रत्यक्ष काम करणारा जो पदार्थ असतो तो एपीआय. धंद्यात त्यालाच बल्क ड्रग म्हणतात. गोळीतला बाकीचा भाग म्हणजे स्टार्च, रंग, आवरण वगैरे. एपीआय एका झटक्यात बनत नाही, तो रासायनिक पायऱ्या चढत बनतो. पहिल्या पायरीवरचं रसायन म्हणजे केएसएम आणि मधल्या पायऱ्यांवरचे पदार्थ म्हणजे इंटरमिजिएट.

अमॉक्सिसिलिनचं उदाहरण घ्या. मोठ्या टाक्यांत ग्लुकोजवर बुरशी वाढवून (यालाच किण्वन म्हणतात) पेनिसिलिन जी काढतात. त्यापासून ६-एपीए होतं, त्यापासून अमॉक्सिसिलिन, आणि ते कॅप्सूलमध्ये भरलं की झालं फॉर्म्युलेशन. या शेवटच्या पायरीवर भारताचा जगात दबदबा आहे. पहिल्या पायरीवर मात्र आपण बराच काळ जवळजवळ गैरहजर होतो.

२. आपण तर साऱ्या जगाला औषधं पुरवतो. मग कच्चा माल बाहेरून का आणावा लागतो?

बल्क ड्रग आणि इंटरमिजिएटच्या एकूण आयातीपैकी मूल्याने साधारण ७० टक्के माल चीनमधून येतो. त्याच वेळी भारत बल्क ड्रग निर्यातही करतो. अलीकडच्या वर्षांत आयात आणि निर्यात दोन्ही चार ते पाच अब्ज डॉलरच्या आसपास आहेत. हे आकडे शेजारी ठेवून काही जण म्हणतात, तोल बरोबर आहे, मग चिंता कशाची?

चिंता आहे, कारण येणारा आणि जाणारा माल एकच नाही. आपण बाहेर पाठवतो तो बराचसा रासायनिक प्रक्रियेने बनलेला, जास्त किमतीचा माल. आपण आणतो ती अँटिबायोटिकची मूळ द्रव्यं, जीवनसत्त्वं आणि अनेक औषधांची सुरुवातीची रसायनं. पेनिसिलिन जी थांबलं तर रक्तदाबाच्या औषधाची निर्यात वाढवून न्यूमोनियाचं पोर बरं होत नाही.

३. पिंपरीत पूर्वी पेनिसिलिन बनायचं ना? ते का थांबलं?

हो, बनायचं. हिंदुस्तान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी १९५४ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने पिंपरीत उभी राहिली. पुढे ऋषिकेश आणि हैदराबादला आयडीपीएल या दुसऱ्या सरकारी औषध कंपनीचे कारखाने आले. १९७० च्या पेटंट कायद्याने औषधाच्या रेणूऐवजी फक्त प्रक्रियेवर पेटंट ठेवलं आणि खासगी कंपन्यांना नवनव्या पद्धतीने बल्क ड्रग बनवायला वाव मिळाला. १९७८ च्या औषध धोरणाने तर फॉर्म्युलेशन विकणाऱ्यांनी काही प्रमाणात बल्क ड्रगही बनवलंच पाहिजे अशी अट घातली.

नव्वदच्या दशकात परवाने आणि अटी सैल झाल्या, आयात खुली झाली आणि चिनी माल इथल्या उत्पादनखर्चापेक्षाही कमी भावात बंदरावर येऊ लागला. कंपन्यांनी साधा हिशेब केला : स्वस्त मिळतंय तर विकत घ्या आणि नफा असलेल्या फॉर्म्युलेशनवर लक्ष द्या. प्रत्येक कंपनीपुरता तो हिशेब बरोबरच होता. सगळ्यांनी एकदम केला, तेव्हा देशातल्या किण्वनाच्या टाक्या एकामागून एक बंद पडल्या. टाक्या बंद पडल्यावर ती चालवणारी माणसंही पांगली. माझ्या मते खरं नुकसान तिथे झालं. यंत्र पुन्हा विकत घेता येतं, पण बुरशीचा वाण वर्षानुवर्षं सुधारत नेणारी टीम बाजारात मिळत नाही.

४. चीनचा माल एवढा स्वस्त पडतो तरी कसा? सगळं सरकारी अनुदानच का?

अनुदान आहे, पण तेवढंच नाही. किण्वनात टाकीला रात्रंदिवस निर्जंतुक हवा पुरवावी लागते आणि तापमान राखावं लागतं. त्यामुळे वीज आणि वाफ हा खर्चाचा मोठा हिस्सा असतो. चीनने हे कारखाने अशा भागांत उभारले जिथे कोळसा, वीज आणि मका जवळ आहे. आकारही अवाढव्य, म्हणून प्रति किलो खर्च उतरतो. सांडपाण्याकडे बराच काळ काणाडोळा झाला, तोही एक प्रकारे स्वस्ताईचाच भाग होता.

आपल्याकडे उद्योगाला वीज महाग मिळते, कारण इतर ग्राहकांच्या सवलतीचा भार त्याच दरात असतो. भांडवलावरचं व्याजही जास्त. हे दोन खर्च कमी न करता नुसतं ‘देशातच बनवा’ म्हणून काही होत नाही.

५. मग आता एवढी निकड कशामुळे?

तीन धक्के बसले. २०१७ च्या सुमारास चीनने प्रदूषण करणाऱ्या कारखान्यांवर कडक कारवाई केली आणि कित्येक रसायनांचे भाव भडकले. २०२० मध्ये वुहानची टाळेबंदी झाली. ३ मार्च २०२० रोजी भारतानेच पॅरासिटामॉलसह २६ एपीआय आणि औषधांच्या निर्यातीवर निर्बंध घातले. पॅरासिटामॉल बनवण्यात आपण मोठे, पण त्यासाठी लागणारं पॅरा-अमिनो-फिनॉल मोठ्या प्रमाणावर चीनहून येत होतं. तिसरा धक्का औषधांचा नव्हता. एप्रिल २०२५ मध्ये चीनने दुर्मिळ खनिजांच्या चुंबकांना निर्यात परवाना सक्तीचा केला आणि आपल्या वाहन उद्योगाची धावपळ झाली. एकाच देशाच्या एका अधिसूचनेवर आपण किती अवलंबून असू शकतो, हे त्या वेळी सगळ्यांनी पाहिलं.

६. पीएलआय योजनेत सरकार नेमकं काय देतं?

बल्क ड्रगसाठीची पीएलआय, म्हणजे उत्पादनाशी निगडित प्रोत्साहन, योजना २०२० मध्ये आली. तरतूद ६,९४० कोटी रुपयांची आणि यादी ४१ उत्पादनांची. विक्री झाल्यावर विक्रीच्या ठरावीक टक्के रक्कम प्रोत्साहन म्हणून मिळते. किण्वनाच्या उत्पादनांना पहिली चार वर्षं २० टक्के, पाचव्या वर्षी १५ आणि सहाव्या वर्षी ५ टक्के. रासायनिक प्रक्रियेच्या उत्पादनांना सरसकट १० टक्के. अट अशी की किण्वनात ९० टक्के आणि रासायनिक प्रक्रियेत ७० टक्के मूल्यवर्धन देशात झालं पाहिजे. यादीत पेनिसिलिन जी, क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल, रिफॅम्पिसिन, स्ट्रेप्टोमायसिन, डेक्सामेथासोन, जीवनसत्त्व बी-१ आणि पॅरा-अमिनो-फिनॉल आहे. मेट्रोनिडाझोल आणि मेटफॉर्मिनची सुरुवातीची रसायनंही आहेत.

काकीनाडा इथला पेनिसिलिन जीचा आणि हिमाचलमधल्या नालागढचा क्लॅव्ह्युलॅनिक आम्लाचा प्रकल्प याच योजनेतून उभे राहिले. ही चांगली सुरुवात आहे असं मी मानतो. प्रश्न पाचव्या-सहाव्या वर्षाचा आहे. प्रोत्साहन २० वरून ५ टक्क्यांवर येईल, तोवर खर्च खाली आला नसेल तर कारखान्याला पुन्हा बंदरावरच्या भावाशी एकटं झुंजावं लागेल.

७. देशात बनवल्याने गोळी महाग होईल का?

सर्वात जास्त आलेला प्रश्न हाच, म्हणून हिशेब मांडून दाखवतो.

एक किलो पॅरासिटामॉलमध्ये ५०० मिलिग्रॅमच्या २,००० गोळ्या होतात. समजा देशी माल आयातीपेक्षा किलोमागे १०० रुपयांनी महाग पडला. हा फरक २,००० गोळ्यांवर पसरला की गोळीमागे ५ पैसे, म्हणजे दहाच्या पट्टीमागे ५० पैसे. अमॉक्सिसिलिनची कॅप्सूलही ५०० मिलिग्रॅमची. तिथे फरक किलोमागे अगदी ५०० रुपये धरला तरी कॅप्सूलमागे २५ पैसे होतात. दुकानातल्या छापील किमतीत वितरण, जाहिरात, मार्जिन यांचा वाटा एवढा असतो की ब्रँडेड पट्टी घेणाऱ्याला हा फरक जाणवणारही नाही.

सरकारी खरेदीत मात्र तो बोचतो. टेंडरमध्ये गोळीचा भाव पैशांत ठरतो आणि कंत्राट एका पैशाच्या फरकाने जातं. एक कोटी गोळ्यांच्या पुरवठ्यात ५ पैशांचे ५ लाख रुपये होतात. त्यामुळे गोळी महाग होणार का, यापेक्षा गोळी कोणाला महाग पडणार, असं विचारणं बरोबर.

८. किमती तर सरकारने बांधल्या आहेत. मग वाढीव खर्च कोण सोसतो?

अत्यावश्यक यादीतल्या औषधांची कमाल किंमत एनपीपीए हे केंद्राचं औषध किंमत प्राधिकरण ठरवतं आणि ती दरवर्षी घाऊक किंमत निर्देशांकाप्रमाणे बदलते. २०२३ मध्ये तब्बल १२.१२ टक्के वाढ मिळाली, २०२४ मध्ये ०.००५५१ टक्के. या निर्देशांकाचा आणि बुरशीच्या टाकीतल्या खर्चाचा फारसा संबंध नाही. कच्चा माल वाढला आणि कमाल किंमत हलली नाही की उत्पादक तोटा सोसतो किंवा शांतपणे ते औषध बनवणं सोडून देतो.

दुसरा पर्याय जास्त घातक. संधिवाताच्या तापामुळे हृदयाच्या झडपा खराब झालेल्या मुलांना पेनिसिलिनचं इंजेक्शन वर्षानुवर्षं दर तीन-चार आठवड्यांनी घ्यावं लागतं. औषध अत्यंत स्वस्त, म्हणून त्यात कोणाला रस नाही आणि मधूनमधून ते जगभर दुर्मिळ होतं. ऑक्टोबर २०२४ मध्ये एनपीपीएने विशेष अधिकार वापरून आठ औषधांच्या ११ प्रकारांची कमाल किंमत ५० टक्क्यांनी वाढवली. त्यात बेंझिल पेनिसिलिन, स्ट्रेप्टोमायसिन, सॅल्ब्युटामॉल होती. बातमी ‘औषधं महागली’ अशी झाली. माझ्या मते तो निर्णय योग्य होता. बाजारात न मिळणारं स्वस्त औषध पेशंटला सगळ्यात महाग पडतं.

९. आयातीवर जबर शुल्क किंवा किमान आयात किंमत लावली तर प्रश्न सुटेल?

अर्धाच सुटेल, आणि नवा वाद निघेल. देशी कारखाना सुरू झाला की परदेशी पुरवठादार भाव पाडतात अशी तक्रार इथले उत्पादक करतात. ती निराधार नाही. किमान आयात किंमतीमुळे त्यांना श्वास घ्यायला जागा मिळते. पण एकाचं तयार उत्पादन दुसऱ्याचा कच्चा माल असतो. पेनिसिलिन जीला संरक्षण दिलं की ६-एपीए आणि अमॉक्सिसिलिन बनवणाऱ्यांचा खर्च चढतो. फक्त पेनिसिलिन जी महाग झालं आणि तयार अमॉक्सिसिलिन तसंच स्वस्त आत आलं, तर मधले कारखाने चिरडले जातील. संरक्षण द्यायचं तर संपूर्ण साखळीला, मुदत ठरवून आणि ती मुदत आधी जाहीर करून द्यावं.

१०. आमचा गोव्यातला कारखाना फक्त निर्यातीसाठी गोळ्या बनवतो. आम्हालाही हे आयात शुल्क (प्रश्न ९) लागेल का?

सहसा नाही. निर्यातीच्या मालासाठी लागणारा कच्चा माल अग्रिम परवान्यावर शुल्काविना आणता येतो. शिवाय परदेशी नियामकाकडे नोंदवलेला एपीआयचा पुरवठादार बदलायचा तर नव्याने चाचण्या आणि कागदपत्रं करावी लागतात. त्यात महिने, कधी वर्षंही जातात. म्हणून देशी माल उपलब्ध झाला तरी निर्यातदार लगेच वळत नाहीत. वेर्ण्यासारख्या औद्योगिक वसाहतींतून मोठी मागणी येईल असं धरून चालणाऱ्या नव्या एपीआय उत्पादकांनी हे आधीच लक्षात घ्यावं. परवान्याच्या अटी अधिसूचनेनुसार बदलतात, तेव्हा आपल्या सल्लागाराकडून खात्री करून घ्या.

११. किती नोकऱ्या निर्माण होतील?

अपेक्षेपेक्षा कमी. किण्वनाचा कारखाना भांडवल खातो, माणसं थोडी लागतात. पीएलआय योजनेतही (प्रश्न ६) मुख्य किण्वन उत्पादनांसाठी किमान ४०० कोटींच्या गुंतवणुकीची अट होती. एवढ्याच पैशांत कापडउद्योगात कितीतरी जास्त लोकांना काम मिळालं असतं. मात्र इथल्या नोकऱ्या कौशल्याच्या असतात : केमिकल इंजिनिअर, मायक्रोबायोलॉजीचे पदवीधर, आयटीआयचे फिटर, बॉयलर अटेंडंट. रोजगारासाठी हे कारखाने हवेत, असं म्हणणाऱ्यांनी दुसरं कारण शोधावं. ते कारण प्रश्न १५ मध्ये आहे.

१२. प्रदूषणाचं काय? चीनने जे टाळलं ते आपण ओढवून घेतोय का?

ही भीती रास्त आहे आणि तिला बगल देऊ नये. तारापूर एमआयडीसीच्या सांडपाण्याचं प्रकरण मच्छीमारांच्या संघटनेने राष्ट्रीय हरित लवादापुढे नेलं. खाडीत मासळी उरली नाही ही त्यांची तक्रार होती. कुरकुंभ, महाड, रोहा भागातल्या गावकऱ्यांना रासायनिक वसाहतीचा वास आणि विहिरीच्या पाण्याचा रंग वेगळा समजावून सांगायला लागत नाही.

अँटिबायोटिकच्या बाबतीत धोका दुहेरी आहे. सांडपाण्यात औषधाचा अंश राहिला तर तिथले जंतू त्याला दाद देईनासे होतात. मग ज्या औषधासाठी कारखाना उभारला तेच औषध निकामी होऊ लागतं. जानेवारी २०२० मध्ये केंद्राने अशा अंशावर मर्यादा सुचवणारा मसुदा काढला होता, पण २०२१ च्या अंतिम नियमांतून त्या मर्यादा वगळल्या गेल्या. त्या परत आणल्या पाहिजेत. सांडपाणी नीट शुद्ध केल्यावर जो भाव निघेल तोच देशी मालाचा खरा भाव. तो चुकवून काढलेली स्वस्ताई आपल्याला नको.

१३. महाराष्ट्राला बल्क ड्रग पार्क का मिळालं नाही?

केंद्राच्या ३,००० कोटींच्या योजनेत प्रत्येकी १,००० कोटींपर्यंत मदत मिळणारी तीनच पार्क होती. २०२२ मध्ये ती हिमाचल (ऊना), गुजरात (भरूच) आणि आंध्र प्रदेशला मंजूर झाली. महाराष्ट्राने रोहा-मुरूड परिसर सुचवला होता आणि तिथे जमिनीसाठी स्थानिकांचा विरोधही होता. त्यावरून राजकीय आरोप-प्रत्यारोप खूप झाले. पार्कमध्ये वाफ, सांडपाणी शुद्धीकरण, द्रावकांची पुनर्प्राप्ती या सोयी सामायिक मिळतात, म्हणून छोट्या उत्पादकाचा खर्च कमी होतो. त्या सोयी तारापूर आणि कुरकुंभच्या जुन्या वसाहतींत नीट उभ्या केल्या, तरी राज्याचा बराचसा फायदा होईल. त्याला नवी जमीन लागत नाही.

१४. देशातच कारखाना असला म्हणजे टंचाई संपली, बरोबर?

नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत हेलेन चक्रीवादळाने नॉर्थ कॅरोलायनातला सलाइनचा एक कारखाना बुडवला. अमेरिकेच्या सलाइनपैकी साधारण ६० टक्के पुरवठा त्या एका जागेवरून होत होता. रुग्णालयांना शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. कारखाना अगदी घरचाच होता, पण एकटा होता. उलट २०१६ मध्ये चीनच्या शांदोंगमध्ये एका प्लांटमध्ये स्फोट झाला आणि पिपरासिलिन-टॅझोबॅक्टम हे अँटिबायोटिक जगभर कमी पडलं. दोन्हीकडे कारण एकच : सारा भार एका जागेवर. म्हणून देशात एकच महाकाय कारखाना उभारण्यापेक्षा दोन राज्यांत दोन मध्यम कारखाने असणं आणि तिसरा स्रोत चीनबाहेरच्या दुसऱ्या देशात ठेवणं, हे जास्त भरवशाचं.

एपीआय देशात आणि केएसएम मात्र चीनचं, अशी स्थिती असेल तर अवलंबित्व फक्त एक पायरी खाली सरकतं. आकडेवारीत आयात घटलेली दिसते, प्रत्यक्षात दोर त्याच हातात राहतो.

१५. मग हा वाढीव खर्च करावा की नाही? आणि कोणत्या औषधांसाठी?

या खर्चाकडे विम्याचा हप्ता म्हणून पाहा. हप्ता भरताना फायदा दिसत नाही, आणि घरातल्या प्रत्येक वस्तूचा विमा कोणी काढत नाही. माझ्या मते तीन कसोट्या पुरेशा आहेत. औषध थांबलं तर माणसं दगावतात का? त्याला सहज पर्याय आहे का? जगात पुरवठादार मोजकेच आहेत का? या कसोट्यांवर पेनिसिलिनचं कुटुंब, क्षयरोगासाठीचं रिफॅम्पिसिन, रक्ताची गुठळी होऊ न देणारं हेपॅरिन आणि काही स्टिरॉइड उतरतात. पीएलआयच्या यादीतल्या (प्रश्न ६) सगळ्या ४१ उत्पादनांसाठी, आणि तेही कायमचं, असं करायचं म्हटलं तर पैसा पातळ पसरेल.

हप्ता कोणी भरायचा हेही ठरवलं पाहिजे. माझं उत्तर : सरकारने, मोठा खरेदीदार म्हणून. राज्याचं वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण आणि केंद्राच्या संस्था यांनी निवडक औषधांसाठी पाच वर्षांचा करार करावा. एका कंपनीऐवजी दोन पुरवठादार घ्यावेत, आणि देशी केएसएम वापरणाऱ्याला थोडा जास्त भाव द्यावा. अनुदान विक्रीपाठोपाठ येतं आणि संपतं. हमीची मागणी असेल तर बँकही कर्ज देते.

१६. त्यापेक्षा सरकारने सहा महिन्यांचा साठा करून ठेवला तर?

काही औषधांसाठी हा उपाय खरोखर स्वस्त आणि लवकर होणारा आहे. बऱ्याच एपीआय दोन ते पाच वर्षं टिकतात. पेनिसिलिनच्या कुटुंबाला दमट हवा सोसत नाही, त्यामुळे तिथे गोदामाचा खर्च वाढतो. साठा फिरता ठेवावा लागतो, म्हणजे जुना वापरून नवा भरायचा. सरकारी गोदामांत मुदत संपलेली औषधं सापडल्याच्या बातम्या पाहता ही शिस्त गृहीत धरता येत नाही. छोट्या अडथळ्यात साठा उपयोगी पडतो. दोन वर्षं चाललेला अडथळा त्याने भागत नाही.

१७. सगळेच देश आपापल्या घरी बनवायला लागले तर आपल्या निर्यातीचं काय?

धोका आहे. ऑस्ट्रियाने २०२० मध्ये कुंडल इथला पेनिसिलिनचा कारखाना युरोपात टिकावा म्हणून १५ कोटी युरोंच्या गुंतवणुकीत ५ कोटींचा सरकारी वाटा उचलला. आपण जो युक्तिवाद चीनबद्दल करतो तोच युरोप आणि अमेरिका आपल्याबद्दल करू शकतात. मार्च २०२० चे आपले निर्यातनिर्बंध (प्रश्न ५) तिथल्या लोकांनी विसरलेले नाहीत. भरवशाचा पुरवठादार म्हणवून घ्यायचं असेल तर संकटात निर्यात बंद करताना आपण दहा वेळा विचार केला पाहिजे.

१८. मी घेतो त्या गोळीतला एपीआय कुठला आहे, हे मला कळू शकतं का?

पट्टीवरून नाही. वेष्टनावर गोळी बनवणाऱ्या कंपनीचं नाव, पत्ता, परवाना क्रमांक, बॅच आणि तारखा असतात. एपीआय कुठून आला हे छापण्याची सक्ती नाही. ऑगस्ट २०२३ पासून ठरावीक ३०० ब्रँडवर क्यूआर कोड आला, पण त्यातही हीच माहिती असते. एपीआयच्या मूळ पॅकवर वेगळा क्यूआर कोड लागतो. तो कारखान्यापर्यंतच पोचतो, ग्राहकापर्यंत नाही. चिनी एपीआयचं औषध निकृष्ट असतं असा समज करून चालू गोळी मात्र बंद करू नका. आयात एपीआयसाठीही नोंदणी आणि परवाना लागतो, आणि दर्जाचे निकष दोन्हीकडच्या मालाला तेच आहेत.